दिवाळीच्या किल्ल्यावरचं गलबत हाकारताना

पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यात जलदुर्ग करायचा ठरला की मुलं आधी तटाची उंची ठरवतात, मग बुरुज मोजतात, मग मावळे मांडतात. गलबत येतं सगळ्यात शेवटी, वसुबारसेच्या रात्री. कुणीतरी कुठूनतरी एक होडी आणतं आणि जिथे जागा उरली असेल तिथे टेकवतं. माझा आग्रह याच्या बरोबर उलट आहे. गलबत आधी करा. आणि गलबताला हात घालण्याआधी ते कुठे निघालंय हे ठरवा.

हा आग्रह मला माझ्या मामाने दिला. माझं आजोळ मालवणचं. मामा सुतार, होड्या बांधायचा. मी अकरा वर्षांचा असताना तो एका दिवाळीला आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आला होता. मी अंगणात सिंधुदुर्ग केला होता आणि मामाला दाखवायला अगदी अधीर झालो होतो. मामा उकिडवा बसला. तट पाहिला, बुरुज पाहिले, मान डोलावली. मग गलबताला बोट लावून त्याने विचारलं, “ह्या होडयेचा तोंड खंय आसा?” गलबताचं तोंड तटाच्या भिंतीकडे होतं. मग म्हणाला, “आणि वारो खंयसून येता?” मी शीड पुढे फुगवलं होतं आणि त्याच डोलकाठीवरचा भगवा मात्र मागे फडकवला होता. म्हणजे शिडाचा वारा एकीकडचा आणि झेंड्याचा दुसरीकडचा. मामाने गलबत उचललं, तोंड बाहेर करून ठेवलं, झेंड्याची काडी फिरवली. बाकी काहीही बदललं नाही. पण तोवर जी फक्त मांडणी होती, तिच्यातून कुणीतरी निघालं होतं. किनाऱ्यावरचा एक मावळा, जो आधी नुसताच उभा होता, तो आता त्यांना निरोप द्यायला आल्यासारखा दिसायला लागला.

आज मी साठीला आलोय, कर्वेनगरला राहतो, आणि आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर दर दोन वर्षांनी एकदा तरी जलदुर्ग करतो. खाली लिहिलंय ते सगळं हाताने करून पाहिलेलं आहे.

आधी प्रवास ठरवा

मुलांना गोल बसवा आणि विचारा, गलबत कुठून निघालं, कुठे चाललंय, वेळ कोणती. ‘लढाईला’ एवढं उत्तर पुरत नाही. मी त्यांच्यापुढे साधारण तीन प्रवास ठेवतो.

पहिला बसरूरचा. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला कर्नाटकातल्या बसरूर बंदरावर गेले. त्या वेळच्या इंग्रजांच्या नोंदीत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं असा आकडा येतो. परतताना महाराज गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनाला थांबले. आता यातली गंमत मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला २५ नोव्हेंबर १६६४ ला, मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा करून. किल्ला पुरा व्हायला १६६७ उजाडलं. म्हणजे आरमार निघालं तेव्हा किल्ल्याचं काम सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते! सिंधुदुर्ग ज्याच्यावर उभा आहे त्या कुरटे बेटावर तेव्हा दगडांचे ढीग असणार, चुन्याच्या घाण्या असणार, तटाचा पाया कुठे गुडघाभर तर कुठे कमरेइतका आलेला असणार. आणि अशा अर्ध्या बांधलेल्या किल्ल्यासमोरून राजा समुद्रावर गेला.

मला वाटतं, समुद्रावर निघण्याचं याहून बोलकं चित्र आपल्या इतिहासात नाही. आणि ते किल्ल्यावर करणं पूर्ण बांधलेल्या सिंधुदुर्गापेक्षा सोपंही आहे. बुरुज अपुरे ठेवा, विटांचे तुकडे ढिगाने टाका, कामट्यांची परांची बांधा. पायात शिसं ओतलं होतं म्हणतात, ते दाखवायला एखादी छोटी भट्टी लाल कागद लावून करता येते. आमच्या मुलांनी एका वर्षी असा किल्ला केला तेव्हा येणारे जाणारे विचारायचे, “काय रे, पुरा झाला नाही का?” आणि मुलं छाती काढून सांगायची, “नाही, १६६५ साल चालू आहे.”

दुसरा प्रवास खांदेरीचा, रात्रीचा. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठे किल्ला बांधत होते आणि इंग्रजांना तो होऊ द्यायचा नव्हता. त्यांची मोठी जहाजं बेटाभोवती पहाऱ्याला असायची. आपली लहान, हलकी गलबतं रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ही मारत सामान घेऊन बेटावर जायची. वारा पडला की मोठं जहाज जागेवर अडकतं, वल्ह्यांचं गलबत अडकत नाही. हा देखावा करायचा तर शीड उतरवलेलं ठेवा, वल्ही दोन्ही बाजूंना, आणि गलबतावर एकही दिवा नको. दिवाळीत अंधार दाखवायचा म्हणजे मुलांना आधी पटत नाही. एकदा करून पाहिलं की पटतं.

तिसरा प्रवास अगदी रोजचा, पहाटे मासेमारीला निघालेल्या होडीचा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. मतलईवर निघायचं, खाऱ्यावर परत यायचं. शिडाच्या काळात हा दोन वाऱ्यांचा हिशोब म्हणजेच घरी परतण्याची खात्री होती. लहान मुलांसाठी हा प्रवास मला सगळ्यात जास्त आवडतो.

कुणीतरी म्हणतंच की पुण्याला समुद्राचं काय. समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर, मध्ये अख्खा सह्याद्री. पण आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरला कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाटातून चढून यायचा, आणि यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. शिवाय आपली भाषा बघा. पुण्याबाहेर कधी न राहिलेली माझी आत्या संसाराचं सुकाणू, भरकटलेला मुलगा, एकदाची किनाऱ्याला लागलेली मुलगी असं सहज बोलायची. समुद्र तिच्या तोंडात होता.

गलबताचं अंग

दुकानातली प्लॅस्टिकची होडी आणू नका. नारळाची पोय शोधा. पोय म्हणजे नारळाचा फुलोरा ज्या टणक आवरणातून बाहेर येतो ते. वाळली की दोन-अडीच फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधोमध चिरलेली असते. देवाने होडीच करून ठेवलेली. कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर भागातल्या जुन्या बंगल्यांत नारळाची झाडं आहेत, आणि नारळ उतरवणारा माणूस पोया खाली टाकतो त्या कचऱ्यात जातात. वॉचमनला आधी सांगून ठेवा.

झाडावरची हिरवी पोय मात्र काढायला लावू नका. हा मुद्दा मी मुलांशी नेहमी सविस्तर बोलतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट लिहिलंय. सागवानासारखी झाडं लागतील ती परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच तोडावं. ज्याला समुद्रावर जायचंय त्याने मागे राहणाऱ्यांचं काय नेलं आणि काय राखलं, हेही त्या प्रवासातच येतं. म्हणून आमच्याकडे गलबतासाठी फक्त गळून पडलेलं लाकूड, हा नियम आहे.

पोय रात्रभर बादलीत भिजवा. सकाळी ती मऊ झालेली असते. दीड फुटाचा तुकडा कापा, तोंड थोडं रुंद करा आणि आतून आडव्या कामट्या अडकवा. चार पुरतात. सावलीत दोन दिवस वाळवलं की कामट्यांनी धरलेला आकार पक्का होतो. उन्हात वाळवलं तर तडकते. पुढचं निमुळतं टोक थोडं वर उचललेलं हवं, ती नाळ. खाली कणा म्हणून एक जाड काडी डिंकाने चिकटवा, त्याला पठाण म्हणतात. मागे पुठ्ठ्याचं सुकाणू. मुलांना हे शब्द सांगा आणि काम करताना तेच वापरा, “पुढचं टोक दे” नव्हे, “नाळ धर”. दोन दिवसांत त्यांच्या तोंडी बसतात.

डोलकाठी चौदा इंचाची, बांबूची. ती गलबताच्या मध्यावर नको, नाळेपासून साधारण एक तृतीयांशावर रोवा, आणि सरळ उभी करू नका. कोकणच्या गलबतांची डोलकाठी पुढे झुकलेली असते. घड्याळाचा काटा बारावरून किंचित एककडे सरकल्यासारखी. या एवढ्याशा कलण्याने गलबत उभ्या उभ्याच निघाल्यासारखं दिसतं. डोलकाठीवर जी लांब आडवी-तिरकी काठी चढते ती परबाण, आणि ती डोलकाठीपेक्षा लांब हवी, जवळजवळ गलबताइतकीच. तिचं पुढचं टोक खाली नाळेकडे ओढलेलं, मागचं वर आभाळात. चित्रातल्या विलायती जहाजांसारखी शिडं चौकोनी आडवी लावलीत तर ते आपलं गलबत राहत नाही.

शीड

इथे घाई करू नका. सगळा जीव इथे आहे.

मांजरपाट घ्या. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडच्या गल्ल्यांत अर्धा मीटर सहज मिळतं. पांढरंशुभ्र नको, म्हणून चहाच्या उकळलेल्या चोथ्याच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. वाळलं की वापरलेल्या शिडाचा रंग येतो. मग तिरकं कापा. पुढची कडा आखूड, मागची लांब, वरची कडा परबाणाइतकी. कडांना धावदोरा घाला. मुलगे कंटाळतात, पण त्यांच्याकडूनच घालून घ्या. माझ्या आजोळी शिडं पुरुषच शिवायचे, मांडीवर घेऊन, मोठ्या सुईने.

आता फुगवटा. साबुदाण्याची दाटसर खळ करा, गार झाली की शीड तिच्यात बुडवून पिळा. स्वयंपाकघरातली मोठी कढई पालथी घाला, तिला तेलाचा हात पुसा आणि शीड तिच्यावर पसरा. सुरकुती राहू देऊ नका, पण कडा ओढून ताणूही नका. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत कडक होतं. मग हलक्या हाताने, एका कोपऱ्यापासून, सोडवा. कढईवरून उठताना ते ‘कर्र’ असा बारीक आवाज करतं आणि हातात येतं तेव्हा आत वारा भरलेला असतो. पहिल्यांदा हे पाहणारं प्रत्येक मूल ते शीड तोंडासमोर धरून फुंकर मारतं. मी थांबवत नाही.

शीड परबाणाला जाड दोऱ्याने वेटोळी घेत बांधा, चिकटवू नका. खालचा मागचा कोपरा एका दोरीने गलबताच्या पिछाडीला बांधा. ती दोरी ताठ दिसली पाहिजे. शीड फुगलंय आणि दोरी लोंबतेय असं झालं तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोटं वाटतं.

वारा एकच

किल्ला मांडण्याच्या जागेवर खडूने एक मोठा बाण काढा. तो वारा. त्यानंतर किल्ल्यावरचा भगवा, गलबताचा भगवा, शिडाचा फुगवटा, भट्टीचा कापसाचा धूर, माडाच्या झावळ्या, सगळं त्या बाणाचं ऐकेल. बसरूरचा प्रवास करत असाल तर वारा वायव्येकडून घ्या, फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यावर दिवसा तो तसाच असतो, आणि गलबतं दक्षिणेला. मग वारा मागून आणि उजव्या अंगाने येतो. पहाटेची होडी करत असाल तर वारा किनाऱ्याकडून.

झेंड्याची चूक सगळे करतात. चालत्या मोटारसायकलचा झेंडा मागे फडकतो ते रोज दिसतं, म्हणून गलबताचाही मागे फडकवतात. पण गलबत वाऱ्यावरच चाललेलं असतं. वारा मागून असेल तर झेंडाही पुढेच झेपावतो, गलबत जिकडे चाललंय तिकडे. हे तोंडी सांगून पटत नाही. टेबलफॅन लावा, गलबत मुलाच्या हातात द्या आणि त्याला पंख्याकडे पाठ करून चालायला सांगा. आमच्या इमारतीतली एक सहा वर्षांची मुलगी असं चालत गेली आणि म्हणाली, “काका, झेंड्याला आमच्याआधी पोचायचंय.”

समुद्र आणि रिकामी जागा

खरं पाणी वापरायचा मोह टाळा. ताडपत्रीखाली विटा लावून हौद करता येतो, पण दुसऱ्या दिवशी तटाची माती उतरते, पाणी गढूळ होतं आणि तिसऱ्या दिवशी डास. टिंबर मार्केटमधून लाकडाचा भुसा आणा आणि निळा-हिरवा रंगवा. किनाऱ्याजवळ हिरवट, दूर गडद. ओला असतानाच पसरून बोटांनी लाटा ओढा, वाऱ्याच्या बाणाला आडव्या. नाळेपाशी आणि खडकांपाशी पांढरी रांगोळी चिमटीतून सोडा, गलबताच्या मागे दोन पुसट रेषा.

पणत्या भुशावर ठेवू नका, तो वाळला की पेट घेतो. पणतीखाली वाळूची ताटली हवीच.

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. नाळेच्या पुढे गलबताच्या किमान दुप्पट लांबीचा समुद्र मोकळा ठेवा. तिथे काही नको. मगर नको, बेट नको, शत्रूचं जहाज नको, कमळ तर नकोच. किल्ल्याची जागा सहा फूट बाय चार फूट असेल तर गलबत मध्यावरही ठेवू नका, किनाऱ्याकडच्या बाजूला ठेवा. मुलं यावरून भांडतात. त्यांना रिकामी जागा म्हणजे अपुरं काम वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. एका किल्ले स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या मुलांना सांगितलं की समुद्राचा अर्धा भाग रिकामा राहिलाय, तिथे काहीतरी करायला हवं होतं. मुलं हिरमुसली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्याच जागेवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. चार वेळा भुसा उचलून पुन्हा लाटा ओढल्या होत्या, दूरवरचा निळा अधिकाधिक गडद करत. तो रिकामा नव्हता. गलबताला जायला तीच जागा होती. ती भरून टाकली की गलबत पोचलेलं दिसतं, किंवा अडकलेलं.

८५ गलबतांचं काय, असं बसरूरवाले विचारतील. पिस्त्याची टरफलं जमवा. दिवाळीच्या फराळाला आणि सुकामेव्याच्या डब्यांमधून भरपूर मिळतात. प्रत्येकात मेणाचा थेंब, त्यात टूथपिकचा तुकडा, त्यावर कागदाचं तिरकं शीड. सगळी एकाच बाणाकडे. मोठी तीन पोयीची. एका वर्षी आम्ही खरोखर ८५ केली आणि मांडल्यावर एका मुलाने मोजून सांगितलं की ८४ आहेत. हरवलेलं एक शेवटी किल्ल्याच्या मागच्या बाजूला, दगडांच्या ढिगाशी सापडलं. सगळ्यांनी ठरवलं की ते तिथेच राहू दे, ते उशिरा निघणार आहे.

किनाऱ्यावरची माणसं

कसब्यातल्या कुंभारवाड्यात मावळे छान मिळतात, पण सगळ्यांच्या हातात तलवार, भाला, तुतारी. निरोप द्यायला आलेला माणूस तिथे मिळत नाही. तो शाडूचा स्वतः करावा लागतो. चेहरा जमला नाही तरी चालतं, उभं राहणं जमलं पाहिजे. वजन एका पायावर, एक हात डोळ्यांवर उन्हासाठी.

निरोपाच्या आपल्या खुणा मुलांना विचारा, त्यांना घरातून बऱ्याच माहीत असतात. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. परीक्षेला किंवा गावाला निघालेल्याच्या तळहातावर दही-साखर ठेवतो. माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढत नाही. माझी मालवणची आजी तर मामाच्या होडीचं शीड दिसेनासं होईपर्यंत दारातून हलायची नाही, आणि दिसेनासं झाल्यावरही थोडा वेळ तिथेच बसायची. हे सगळं किल्ल्यावर येऊ शकतं. एक बाई शाडूची, हातात मोहरीच्या दाण्याएवढी वाटी. एक उंबरठा, त्याच्याशी भिंतीला टेकवलेली केरसुणी, म्हणजे खराट्याच्या दोन काड्या. नाळेला झेंडूच्या पाकळ्यांचा हार. आणि पाण्यात, गलबताच्या बाजूला, एक नारळ, तुळशीच्या मण्याएवढा, भगव्या कागदात गुंडाळलेला. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात तो हा. पावसाळाभर खवळलेल्या दर्याला, आता आम्हाला येऊ दे, अशी ती विनवणी. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, श्रावणात पुन्हा सुरू होते.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, “काका, समुद्रावर फक्त लढायलाच जातात का?” ती आनंदीबाई जोश्यांबद्दल शाळेत शिकून आली होती. आनंदीबाई ३१ मार्च १८६५ ला पुण्यात जन्मल्या. ७ एप्रिल १८८३ ला, अठरा वर्षांच्या असताना, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, नवऱ्याशिवाय. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच गेल्या. त्या मुलीला आनंदीबाईंची आगबोट करायची होती. सोसायटीतल्या एक-दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली की शिवकालीन किल्ल्यापुढे आगबोट कशी. हरकत बरोबरच होती. म्हणून आम्ही किल्ल्याच्या शेजारी एक वेगळी फळी मांडली, तिच्यावर वेगळा समुद्र. पुठ्ठ्याची आगबोट, कापसाचा धूर, आणि कठड्याशी नऊवारीतली एक बोटभर उंचीची बाहुली. तिचं तोंड कुठे करायचं यावर ती मुलगी दोन दिवस अडून होती. पुढे, की किनाऱ्याकडे? शेवटी तिने बाहुली किनाऱ्याकडे बघणारी केली आणि बोटीची नाळ उलट्या दिशेला. मी इतक्या वर्षांत केलेल्या कुठल्याही देखाव्यापेक्षा मला तो जास्त लक्षात आहे.

मांडण्याचा क्रम

आधी बाण, मग समुद्राची हद्द, मग गलबत आपल्या जागी, मग किनारा आणि माणसं, आणि शेवटी किल्ला. तटाला गाभा म्हणून विटांचे तुकडे आणि दगड, वर ओलं गोणपाट, त्यावर पातळ चिखलाचे दोन हात. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी आठवडाभर आधी पेरा. सिंधुदुर्ग करत असाल तर दरवाजा किनाऱ्याच्या बाजूला आणि बुरुजांच्या वळणात लपलेला ठेवा. बाकी किल्ला कसा करायचा ते पुण्यातल्या मुलांना मी शिकवायची गरज नाही.

सगळं झालं की गुडघ्यांवर बसा, डोळे भुशाच्या पातळीला आणा आणि गलबताच्या मागून, सुकाणूपासून, नाळेच्या दिशेने बघा. वरून उभं राहून बघितलं तर सगळंच ठीक दिसतं. खालून बघितलं की वाटेत आलेला एखादा मावळा, वाकडा झेंडा, भिंतीच्या फार जवळ आलेला समुद्र लगेच डोळ्यात खुपतो.

दिवाळीनंतर

किल्ला तुळशीच्या लग्नानंतर उतरवतात. गलबत आधी काढून घ्या. परबाणाची गाठ सोडा, शीड कढईच्या आकारातच वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी ते चुरगळलेलं निघतं. पोयीला कीड लागू नये म्हणून आत एक डांबरगोळी टाका. नदीत सोडायला जाऊ नका. मुठेला आणखी ओझं नको, आणि इतकं करून केलेलं गलबत पुन्हा निघू शकतं.

आमची तीन मोठी गलबतं माझ्याच घरी, बैठकीतल्या कपाटावर आहेत. पाहुणे आले की कुणीतरी झटकताना ती भिंतीकडे वळवून ठेवतं. खालच्या मजल्यावरचा एक पाच वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी येतो, स्टुलावर चढतो, ती खिडकीकडे तोंड करून नीट लावतो, आणि घरी जाताना दारातून सांगतो, “काका, येतो.”